तोंडाकडे बघणारी जसिंता

जसिंताचा मी हेवा करायचे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना मला कुणी चांगली बाई समजायला नको. आणि हेवा म्हणजे साड्या-दागिन्यांचा नाही हां. तिच्याकडे तसलं काही नव्हतंच मुळी. तीन पंजाबी ड्रेस ती आलटूनपालटून घालायची, केस कधी रंगवले नाहीत, चष्म्याची एक काडी तुटली ती वर्षभर चिकटपट्टीवर होती. तरी ती खोलीत शिरली की माझं डोकं फिरायचं. ती रजेवर असली की मला दोन घास जास्त जायचे. एवढं कबूल केल्यावर आता बाकीचं सांगायला हरकत नाही.

आमची कंपनी औषधांची, अंधेरी पूर्वेला. मी तपासणीत. गोळ्यांच्या स्ट्रिपा पट्ट्यावरून सरकत येतात, त्यात एखादा कप्पा रिकामा राहिला असेल तर तो पकडायचा. आता त्याला कॅमेरे लावलेत, पण कॅमेऱ्याने सोडलेला कप्पा मी पकडलाय, एकदा नाही, दहादा. "परबबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही," हे आमच्या मॅनेजर देशमुखसाहेबांचं वाक्य. ते मी घरी सासूलासुद्धा ऐकवलेलं आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीत शुभा. शुभांगी कदम. आम्ही दोघी एकाच महिन्यात कामाला लागलो. ती मुलुंडहून बसमध्ये जागा धरून यायची, मी विक्रोळीला चढायचे, आणि पवईच्या रस्त्याने अंधेरीपर्यंत आमचं तोंड बंद नसायचं. अठरा वर्षं. दुपारी डबे दोन, पण जेवण एकच. माझी सोलकढी ती प्यायची, तिची कुळथाची पिठी मी खायचे. तिच्या नवऱ्याला माहीत नाही ते मला माहीत, असं मी समजून होते.

आणि ऑफिसात कुठेही जायचं असलं की ते ठरवायचे मी. विशेषतः गटारी. श्रावण लागला की आमच्याकडे निम्म्या लोकांचं मटण-मासे बंद, म्हणून त्याच्या आधी एकदा सगळ्यांनी मिळून ताव मारायचा, हा आमच्या विभागाचा रिवाज. पूर्वी कुणाच्या तरी घरी व्हायचं. मग अंधेरीत ते बार्बेक्यूवालं हॉटेल निघालं तेव्हापासून तिथेच. तिसऱ्या मजल्यावर, बाहेर काचा, आत थंडगार, आणि टेबलाच्या मधोमध खड्डा करून त्यात निखाऱ्यांची शेगडी. वेटर सळ्या आणून त्यावर ठेवतो. कोंबडी, कोळंबी, मटणाचा खिमा, पनीर, काय हवं ते. टेबलावर एक छोटा झेंडा असतो. तो उभा आहे तोवर सळ्या येत राहणार, आडवा केला की थांबणार. तो झेंडा माझ्या ताब्यात असायचा. टेबलाच्या डोक्याची खुर्ची माझी, उजव्या हाताला शुभा, बाकीचे बारा जण मी सांगेन तिथे.

असं सगळं झकास चाललेलं असताना विक्रोळीचं युनिट बंद झालं आणि तिथून जसिंता बदलून आली.

मरोळच्या गावठाणातली. जुनी ख्रिश्चन वस्ती, घरात मराठीच बोलणार. बुटकी, भरलेली, उजव्या मनगटावर भाजल्याचा हा एवढा डाग. हसताना आवाज यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. तिची आई लग्नांमधून स्वयंपाकाला जायची, पाचपाचशे माणसांचं जेवण रांधायची, आणि लहानपणी जसिंताचं काम काय, तर मांडवात उभं राहून जेवणाऱ्यांवर नजर ठेवायची. वाढायचं नाही, नुसतं बघायचं आणि आईला येऊन सांगायचं. मीठ कमी पडलं की माणूस कसा चावतो, मटण चिवट राहिलं की कुठला गाल फुगतो, तिखट झालं की पाणी कधी मागतात. "ताट बघायचं नाय गो," ती म्हणायची, "ताट फसवतं. लाजेखातर पण माणूस ताट साफ करतो. तोंड बघायचं."

आणि ती खरंच बघायची. आमच्या कँटीनमध्ये बसून पहिल्याच आठवड्यात तिने देशमुखसाहेबांना सांगितलं, "साहेब, दात दुखतोय तर सफरचंद कशाला आणता? केळं आणा." साहेब चाटच पडले. महिनाभर दात दुखत होता आणि बायकोलाही सांगितलं नव्हतं म्हणे. नावं तिच्या लक्षात राहायची नाहीत, खाणं राहायचं. स्टोअरमधल्या पाटीलला ती "तो गरम गिळणारा" म्हणायची. नव्या केमिस्ट मुलीला "ती डाव्या हाताने मीठ घेणारी". माझ्याबद्दल काय म्हणायची ते मी कधी विचारलं नाही. कळून घ्यायची हौस नव्हती.

पर्समध्ये तिच्या एक छोटी काचेची बाटली असायची. त्यात बॉटल मसाला. मे महिन्यात त्यांच्या गावठाणात बायका जमून पंचवीस-तीस जिन्नस भाजून कुटतात आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरतात, तो. ती तो मसाला कुठेही बाहेर काढायची. कँटीनच्या आमटीवर, टपरीच्या ऑम्लेटवर. मला हे इतकं अडाणी वाटायचं! पण आठ दिवसांत सगळा विभाग तिच्यापुढे ताटं धरून उभा राहायला लागला, "जसिंता, जरा टाक ना." शुभासुद्धा. माझ्या सोलकढीत. सोलकढीत मसाला! शिरा पडो त्या तोंडावर, असं मी मनात म्हटलं, आणि वरून म्हटलं, "टाक टाक, तुला आवडतंय ना."

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. म्हणजे श्रावण दोन, आधी अधिक, मग निज. आमच्या मालवणकडच्या घरात अधिकाला काही पाळत नाहीत, खरा श्रावण निज, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत बांगडा चालतो. मी आपलं कॅलेंडर बघितलं, निज श्रावण लागायच्या आधीचा शुक्रवार पकडला आणि चौदा जणांचं बुकिंग करून मोकळी झाले. कुणाला विचारायचं मनातसुद्धा आलं नाही. गटारी म्हणजे मी, मी म्हणजे गटारी.

शुक्रवारी आम्ही तिसऱ्या मजल्यावर बसलो. मी झेंडा उभा केला. वेटरने कोंबडीच्या सळ्या आणून निखाऱ्यांवर ठेवल्या, मस्त चरचर सुरू झाली आणि कुणी हात पुढे करेना. चौदातले सात जण नुसते पाण्याचे ग्लास फिरवत बसलेले. शेवटी पाटील म्हणाला, "परबबाई, आमच्यात अधिकपासूनच बंद असतं हो. तीन आठवडे होऊन गेले."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बुकिंग केलं होतं ना," तो म्हणाला.

मी शुभाकडे बघितलं. तिनेही कोंबडीला हात लावला नव्हता. रत्नागिरीच्या कदमांची सून, माझ्या बाजूला बसून रोज जेवणारी. गेले तीन आठवडे डब्यात भाजी आणतेय हे मी बघत होते, पण मला वाटलं बाजारात मासळी महागली असेल.

"शुभे, तू पण?"

"अगं, तुझा केवढा उत्साह होता," ती म्हणाली. "तुला कसं सांगायचं? मी जसिंताला म्हटलं होतं, काहीतरी कर."

जसिंताला म्हटलं होतं! म्हणजे जसिंताला ठाऊक, मला नाही. माझ्या तर कानशिलात कुणी वाजवल्यासारखं झालं.

आणि केलं की जसिंताने काहीतरी. उठली, हॉटेलच्या मॅनेजरशी बोलली, पलीकडच्या टेबलाची कोरी शेगडी पेटवून घेतली, जिच्यावर त्या दिवशी मांस चढलंच नव्हतं. श्रावणवाल्या सात जणांना तिकडे बसवलं. स्वयंपाकघरात जाऊन रताळी आणली, कच्ची केळी आणली, अननस तिथे होताच. सगळं स्वतः सळ्यांना टोचलं आणि स्वतः फिरवत बसली, नुसत्या बोटांनी, गरम सळ्या. ती ख्रिश्चन, तिला कसला अधिक आणि कसला निज! पण त्या दिवशी तिनेही कोंबडीला शिवलं नाही. "एकटं उपाशी बसायला लागलं तर उपास, सगळ्यांनी मिळून रताळं खाल्लं तर पार्टी," असं म्हणाली आणि तिकडच्या टेबलावर हशा पिकला. इकडे आम्ही सहा जण मान खाली घालून कोंबडी चावत होतो. माझ्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी. एवढी चांगली कोंबडी मला आयुष्यात कधी इतकी कडू लागली नव्हती.

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलं ना बाईने, तुझी लाज राखली." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

त्यानंतर काय, गाडी उतारालाच लागली. कुठे जायचं असेल तर आधी प्रश्न, "जसिंता येणार ना?" वाढदिवसाला केक कापायचा तर "थांबा, जसिंता येऊ दे". त्या हॉटेलातला मोठा आचारी, उंच, मिशाळ, कुणाला भीक न घालणारा, तोसुद्धा तिला बघून बाहेर यायचा. कारण काय, तर एकदा तिने त्याला टेबलापाशी बोलावून हिंदीत सुनावलं होतं की ही कोळंबी दोनदा मेली, एकदा समुद्रात आणि एकदा तुझ्या हातात. मला वाटलं आता हाकलतो आम्हाला. पण ती त्याला घेऊन सरळ शेगडीजवळ बसली, कोळंबीची शेपटी कधी वळते ते दाखवलं, बाटलीतला मसाला चिमूटभर टाकला आणि त्याच्या तोंडात घातली. तो चावत होता तेव्हा ती त्याच्या जबड्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बस, आता येतंय." तेव्हापासून ती आली की त्याचं "आंटी, आंटी" सुरू. मी त्या हॉटेलात तिच्याआधी सहा वर्षं जातेय. मला त्याने कधी नमस्कारसुद्धा केला नाही.

एवढं असूनही तिच्यात मिजास नव्हती, हा माझा खरा राग. मिजास असती तर मला सोपं गेलं असतं. मी तोडून बोलले की ती खांदे हलवून हसायची. माझ्या वाटणीचं म्हणून वेगळं काढून ठेवायची, तेही बरोबर मला हवं तसं, कडेने किंचित करपलेलं. मला करपलेलं आवडतं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शुभालाही नाही.

पुढच्या वर्षीची गटारी. तारीख जसिंताने सगळ्यांना विचारून ठरवली, मला धरून. मी म्हटलं, "तुम्ही ठरवाल तसं." शुभा या वेळी आपणहून माझ्याशेजारी बसली, मी खूश. जसिंता समोर, शेगडीच्या पलीकडे, सळ्या फिरवतेय. तासाभराने मी हात धुवायला उठले तर ती माझ्यामागे आली. बेसिनपाशी आम्ही दोघीच.

"नंदा," ती म्हणाली, "शुभाच्या डाव्या गालात काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे?"

"वर्षभर बघतेय. आधी मसाला मागून घ्यायची, आता नुसत्या वासाने पाणी पिते. डावीकडे चावतच नाय. आज मका ठेवला पुढे, तर दाणे सोलून एकेक घातले तोंडात. तोंड पूर्ण उघडत नाय गो तिचं. आणि ती मिश्री लावते ना?"

लावते म्हणजे काय! सकाळी एकदा, दुपारी जेवण झालं की एकदा. पर्समध्ये डबी. मी तिला 'मिश्रीवाली' म्हणून चिडवायचे. माझी आईसुद्धा लावायची, गावाकडच्या निम्म्या बायका तंबाखूची ती काळी पूड दातांना घासतात, त्यात काय एवढं?

"माझ्या मावशीचं असंच सुरू झालेलं," जसिंता म्हणाली. "आम्ही ओळखलं नाय. तिला डॉक्टरकडे ने. मी सांगितलं तर तिला वाटेल, ही कालची आली आणि माझ्या तोंडात बोट घालते. तू सांग. तुझं ती ऐकते."

तिचा आवाज अगदी साधा होता. ती मला मान देत होती, हे आज कळतंय. त्या दिवशी मला एवढंच ऐकू आलं की अठरा-वीस वर्षं जिच्यासोबत मी एका डब्यात जेवले, तिच्या तोंडात काय चाललंय ते हिला दिसलं आणि मला दिसलं नाही. मला! रिकामा कप्पा पकडणारीला!

"तिला तिखट सोसत नाही, बाकी काही नाही," मी म्हटलं. "तू ना उगाच सगळ्यांच्या तोंडात बघत बसतेस."

"असू दे. पण सांग तिला," ती म्हणाली आणि गेली.

मी सांगितलं नाही.

रोज बसमध्ये सांगायचं ठरवायचे. शुभा बोलत असायची, मी तिच्या गालाकडे बघायचे आणि मनात यायचं, काही नाहीये, उगाच त्या बाईचं खूळ. आणि असलंच काही तर? शुभा विचारणार, तुला कसं कळलं? मग जसिंताचं नाव आलंच. पुन्हा जसिंता. "बाई गं, जसिंताने ओळखलं!" हे शुभाच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. एवढीच गोष्ट आहे, याहून मोठं कारण मी शोधून बघितलं, सापडलं नाही. थोडे दिवस जाऊ देत, मग मला आपोआप दिसल्यासारखं करून सांगेन, असंही एकदा ठरवलं होतं. किती हलकट असावं माणसाने! जसिंताने मला दोनदा विचारलं, "सांगितलंस?" पहिल्यांदा मी म्हटलं, आज सांगते. दुसऱ्यांदा म्हटलं, गणपती होऊ देत, घरात पाहुणे असतील. गणपती झाले. ते गेल्यावर तिने तिसऱ्यांदा काही विचारलं नाही. एका शनिवारी अर्ध्या दिवसानंतर शुभाला सरळ दातांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. तुकडा काढून तपासायला पाठवला. ते आठ दिवस शुभा बसमध्ये माझा हात धरून बसायची आणि मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिपोर्ट आला. कॅन्सर झालेला नव्हता, पण चट्टा त्या वाटेला लागलेला होता. डॉक्टरांनी तो भाग कापून काढला, मिश्रीची डबी तिथेच टोपलीत टाकायला लावली, आणि म्हणाले, आणखी थांबला असतात तर मला तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं. शुभाने हे मला जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाली, "नंदे, जसिंता देवासारखी धावली गं." ऐकायची तयारी नव्हती तेच वाक्य शेवटी ऐकलं.

पण मला आता दुसरीच भीती होती. जसिंता सांगेल. 'नंदाला मी दीड महिन्यापूर्वीच सांगितलं होतं' एवढं एकच वाक्य, आणि शुभा माझ्याशी आयुष्यात बोलणार नाही. मी तिच्या जागी असते तर सांगितलं असतं. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, चार माणसांत. मी वाट बघत राहिले. एक महिना झाला, दोन झाले. शुभा पूर्वीसारखीच माझ्यासाठी बसमध्ये जागा धरायची. शेवटी मलाच राहवेना. चहाच्या यंत्रापाशी जसिंताला गाठलं.

"तू तिला सांगितलं नाहीस."

"काय?"

"तुला ठाऊक आहे काय."

ती कपात साखर ढवळत होती. "ते तुझं आहे," ती म्हणाली. "तुला सांगायचं तेव्हा सांग. मी कशाला तुझं सांगू?" आणि मग म्हणाली, "चार दिवस झाले, तू पण नीट जेवत नायस."

त्या क्षणी तिने मला शिव्या घातल्या असत्या तर मी तिच्या पाया पडले असते. पण तिचं हे असं. माणसाला धड भांडूसुद्धा द्यायची नाही. तिला बघून माझ्यात जो हेवा होता तो कमी झाला असेल असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे, उलट वाढला. आधी मला वाटायचं की तिला फक्त बघता येतं. आता कळलं, तिला गप्पही बसता येतं, आणि ते मला या जन्मी जमायचं नाही.

दीड वर्षाने तिने मुदतीआधीच नोकरी सोडली. नवऱ्याची तब्येत बरी नव्हती, त्याला त्याच्या गावी, उत्तनला, समुद्राजवळ राहायचं होतं. निरोपाचं जेवण अर्थातच बार्बेक्यूला. बुकिंग मी केलं, सगळ्यांना विचारून. दुपारची वेळ, काचेतून ऊन टेबलापर्यंत आलेलं. तिला आम्ही टेबलाच्या डोक्याला बसवलं, म्हटलं आज तू खायचं, आज सळ्या आम्ही फिरवणार. पाच मिनिटं बसली असेल. मग पाटीलच्या हातातली सळी काढून घेतली, "जाळतोस काय रे," म्हणून. मिशाळ आचारी बाहेर येऊन तिच्या शेजारी उभाच राहिला. सगळे दोनदोन शब्द बोलले. देशमुखसाहेबांनी दाताची गोष्ट सांगितली.

शुभाची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि बोलायच्या आधीच रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "एक विचारायचं राहिलंय. जसिंता, तुला नेमकं कधी कळलं गं?"

"गटारीच्या दिवशी. इथेच. तू मका सोलत होतीस."

"म्हणजे आषाढात?" शुभाने बोटं मोजली. "आणि तू मला नेलंस गणपतीनंतर. मग एवढे दिवस का नाही बोललीस?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. सहज विचारलं होतं. पण सगळे जसिंताकडे वळून बसले. मी हातातला काटा खाली ठेवला. मी जसिंताकडे बघत होते. आता ती माझ्याकडे बघणार. नुसतं बघितलं तरी पुरे होतं.

तिने बघितलंच नाही. कोळंबीची सळी उलटी केली, दोन्ही बाजू तपासल्या.

"घाबरले गो," ती म्हणाली. "मावशीचं आठवलं. वाटलं, खरं निघालं तर? धीर होईना. माझी चूक झाली, शुभा."

शुभा उठून तिच्या गळ्यात पडली. पाटील नाक शिंकरायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. जसिंताने शुभाच्या खांद्यावरून हात लांब करून सळीवरची कोळंबी माझ्या ताटात सोडली, कडेने करपलेली. मी ती खाल्ली. मान वर करून मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण ती माझ्या तोंडाकडे बघत असणार हे मला पक्कं माहीत होतं.

त्यानंतर मी तिला भेटलेले नाही. शुभा दोनदा उत्तनला जाऊन आली, दोन्ही वेळा मी काहीतरी कारण काढलं.

निरोपाच्या त्या दिवशी खाली आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. रस्त्यावर तापलेली धूळ आणि हॉर्न. जसिंताला आम्ही रिक्षात बसवलं, मांडीवर विभागाने दिलेली भेट, हातात आचाऱ्याने बांधून दिलेला पुडा. रिक्षा यू-टर्न घेऊन समोरच्या बाजूने आली आणि सिग्नलला थांबली. दुभाजकाच्या पलीकडे ती दिसत होती, चिकटपट्टी लावलेला चष्मा कपाळावर सरकवून घाम पुसत होती. शुभा माझा दंड धरून उभी होती.

"बघ ना," शुभा म्हणाली, "जसिंतासारखी बाई, तीसुद्धा घाबरली. दीड महिना गप्प बसली. मी काही मनात धरणार नाही गं, पण नवल वाटतं."

मी सिग्नलकडे बघितलं, अजून लालच होता.

"तू असतीस ना, त्याच दिवशी मला फरफटत नेलं असतंस. तुझ्या पोटात काही राहतंय होय?"

सिग्नल सुटला. जसिंताने रिक्षातून हात बाहेर काढून आम्हा दोघींना हलवला.

"हो," मी म्हटलं, "त्याच दिवशी."